घटस्फोट झालाय, दुसरं लग्न अजून नाही. कम्युनियन (उपासनेत फादर देतात तो पवित्र भाकरीचा प्रसाद) घेता येतं का?

शेवटचा_बाक (सोलापूर)

नमस्कार. वय 38, एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात हिशेब बघते. कॅथलिक. 2013 ला चर्चमध्ये लग्न, 2019 ला फॅमिली कोर्टातून घटस्फोट. मूल नाही. मूल नकोच हे नवऱ्याने लग्नाआधीच ठरवलं होतं, आणि मी सोडून त्याच्या घरात बऱ्याच जणांना ते ठाऊक होतं. मला कळलं चार वर्षांनी, त्याच्या चुलतबहिणीकडून. चाचण्यांची फाईल मांडीवर घेऊन मी तिच्यासमोर रडत होते, तेव्हा तिला राहवलं नाही.

घटस्फोटानंतरच्या पहिल्याच रविवारी शेजारच्या मावशींनी कानात सांगितलं, 'आता तुला कम्युनियन चालणार नाही गं.' तेव्हापासून शेवटचा बाक, भिंतीकडची बाजू. तिथे बसलं की कुणाला वाट द्यावी लागत नाही. बाक रिकामा होतो, पुन्हा भरतो, तोवर मी सँडलचा बंद नीट करत बसते.

आता एक स्थळ आलंय. तो सीएनआयचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे प्रोटेस्टंट), घटस्फोटित, नऊ वर्षांची मुलगी आहे. (सोलापुरात मी कॅथलिक म्हटलं की 'म्हणजे गोव्याच्या का वो?' हे ठरलेलं.) आई म्हणते, त्याचं पहिलं लग्न आपल्या चर्चमधलं नव्हतं, ते मोजायचं नाही, फक्त तुझं रद्द करून घे. खरं का? त्याच्या आईला वेगळाच घोर लागलाय: लग्न रद्द ठरलं तर नात अनौरस ठरेल.

फादरांना का विचारत नाही म्हणाल, तर विचारणार आहे. आधी इथे धीर गोळा करतेय.

हुतात्मा_एक्स्प्रेस

ताई, इतकी वर्षं तुम्ही विनाकारण उपाशी राहिलात. कोर्टाचा घटस्फोट कम्युनियनच्या आड येत नाही. आड येतं ते चर्चच्या लेखी पहिलं लग्न उभं असताना केलेलं दुसरं लग्न, आणि ते तुम्ही केलेलं नाही. बरेच दिवसांत कन्फेशन (फादरांपुढे पापांची कबुली) झालं नसेल तर ते करा आणि रांगेत उभ्या राहा. या मावशी प्रत्येक चर्चमध्ये असतात. आमच्याकडे काका होते.

आता रद्द करण्याबद्दल. हा शब्दच घोळ घालतो. झालेलं लग्न चर्च मोडत नाही; ते मुळात बांधलंच गेलं नव्हतं का, एवढंच तपासतं. त्यामुळे संसारात पुढे कोण वाईट वागलं यापेक्षा लग्नाच्या दिवशी दोघांच्या मनात काय होतं, यावर सगळी भिस्त.

माझीही अशी केस झाली. आपलं सोलापूर पुणे धर्मप्रांतात येतं, म्हणून मी पुण्याला चर्चच्या न्यायालयात सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जायचो. वाटलं होतं पिंजरा, वकील, तारीख पे तारीख. निघालं एक टेबल, एक फादर, लिहून घेणाऱ्या एक सिस्टर आणि बायबलवर हात ठेवून शपथ. मी आठ पानं भांडणं लिहून नेली होती. फादरांनी ती बाजूला ठेवली आणि विचारलं, 'साखरपुड्यापासून लग्नापर्यंत तुम्ही दोघं एकटे किती वेळा बोललात?' दोनदा. त्यातलं एकदा फोनवर. त्या एका प्रश्नावर आमचा तासभर गेला.

तुमच्या बाबतीत 1983 च्या धर्मकायद्यातलं कलम 1101 बघतील. मूल 'इतक्यात नको' म्हणणं वेगळं आणि 'कधीच नको' असं ठरवून वेदीपुढे हो म्हणणं वेगळं. त्याने लग्नानंतर तसं ठरवलं असतं तर उपयोग नव्हता. आधीपासूनचा निश्चय होता हे सांगणारी चुलतबहीण म्हणूनच लाखमोलाची. तिला आत्ताच विचारून ठेवा.

प्रतिवादी आला नाही तर केस अडत नाही, रीतसर नोटीस मात्र जाते. लग्नाच्या बाजूने बोलायला चर्चच एक माणूस नेमतं, त्याचा राग धरू नका, ते त्याचं कामच. पूर्वी एका न्यायालयाने रद्द म्हटलं तरी दुसऱ्याने दुजोरा द्यावा लागे; पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये ती अट काढली. अपील करायचा हक्क आहेच. मला 14 महिने लागले.

दोन_घरची_सून

तुमच्या आईचं गणित उलटं पडलंय. माझी आईही हेच म्हणायची. दोन बाप्तिस्मा झालेल्या प्रोटेस्टंटांचं त्यांच्या चर्चमधलं लग्न कॅथलिक चर्च खरंच धरतं. कॅथलिक पद्धतीने लग्न लावायचं बंधन फक्त कॅथलिकांवर. म्हणजे एखाद्या कॅथलिक मुलीने बिशपांच्या परवानगीशिवाय सीएनआयमध्ये लग्न केलं असतं, तर ते कागदपत्रांवरच निकालात निघालं असतं. तुमच्या स्थळाचं तसं नाही, त्यांचीही केस चालवावी लागेल. आमचे हे तेव्हा कावले होते, 'तुमच्या पोपला मी का उत्तर देऊ?' दोन महिने घरात हाच विषय.

पोरीच्या आजीला सांगा, नातीला काही होत नाही. निदान एका जोडीदाराने तरी मनापासून खरं मानून केलेल्या लग्नातली मुलं औरसच, मग ते लग्न पुढे रद्द ठरलं तरी. कलम 1137. मी ते छापून सासूबाईंच्या बायबलमध्ये ठेवलं होतं.

दोन्ही केसेस सुटल्या की मिश्र लग्नाची परवानगी. मुलांना कॅथलिक बाप्तिस्मा देण्यासाठी शक्य ते सारं करीन असं वचन तुम्हाला द्यावं लागतं. त्यांनी सही करायची नसते, त्यांना ते फक्त कळवतात.

साधा_माणूस

एवढा खटाटोप कशाला? सीएनआयमध्ये नाहीतर रजिस्टर करा आणि मोकळे व्हा.

शेवटचा_बाक

दादा, मोकळं व्हायचं असतं तर इतकी वर्षं भिंतीकडे कशाला बसले असते.

हुतात्मा_एक्स्प्रेस

@साधा_माणूस तसं केलं तर कुणी चर्चबाहेर काढत नाही. मिस्सेला (रविवारच्या उपासनेला) या, प्रार्थना करा, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 मध्येच लिहून ठेवलंय. कम्युनियन तेवढं थांबतं. त्यांच्या मते वाट एकच: मुलांसाठी वगैरे एकत्र राहायचंच असेल तर भावाबहिणीसारखं. 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी एकेका जोडप्याचा वेगळा विचार करायला दार किलकिलं केलं, त्यावर बिशपांचं अजून एकमत नाही. त्या दाराच्या भरवशावर लग्नपत्रिका छापू नये, असं माझं मत.

काळा_कोट

चर्च आणि कोर्ट यांचे कागद वेगवेगळे. चर्चने लग्न रद्द केलं म्हणून कायद्याने सुटका होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 1996 मध्ये मॉली जोसेफ खटल्यात स्पष्ट केलंय. तुमची डिक्री (कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम) झालीय. त्यांच्या डिक्रीची प्रमाणित प्रत स्वतःच्या डोळ्यांनी बघा. 'चर्चच्या मंडळीने सोडचिठ्ठी मंजूर केली' असले कागद मी या ऑफिसात पाहिलेत.

शेवटचा_बाक

प्रत पाहिली, कोर्टाचीच आहे. काल फादरांना भेटले. त्यांनी ऐकून घेतलं आणि आधी बाप्तिस्म्याचा नवा दाखला मागितला. माझा बाप्तिस्मा पुण्याला, आजोळी झाला, म्हणजे हुतात्माचं तिकीट काढावंच लागणार.

चुलतबहिणीला फोन केला. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'येईन. शपथेवर मला खोटं बोलता येत नाही, म्हणून तर कुणी विचारू नये असं वाटत होतं.'

आणि शनिवारी कन्फेशन झालं. आज सकाळी मावशी माझ्याच बाकावर होत्या. कम्युनियनला त्या उठल्या, त्यांच्यामागून मी उठले. त्यांनी वळून पाहिलं. मी पुढे बघत राहिले.