डीएसओ १३८ किट जोडलं, पण स्क्रीन नुसती पांढरी – तातडीने मदत हवी आहे

निळी वायर
डीएसओ १३८ म्हणजे छोट्या डिजिटल ऑसिलोस्कोपचं (सिग्नलचा ग्राफ दाखवणाऱ्या यंत्राचं) किट जोडून झालं. पॉवर दिली की स्क्रीन पांढरीफटक होते, बाकी काही नाही. सगळे जोड पुन्हा तापवून बघितले, फरक शून्य. चिप उडाली असेल का? नवीन मागवू का? शनिवारी हा स्कोप लागणार आहे, जाणकारांनी लवकर सांगावं.

कथिल
चिप मागवायची घाई नको. आधी हे सांगा:
पॉवर किती व्होल्टची आणि कशातून देताय?
टीपी२२ वर किती व्होल्ट मिळतात?
पॉवर दिल्याबरोबर बोर्डावरचा छोटा एलईडी लुकलुकतो का, आणि किती वेळा?
बारीक एसएमडी भाग (बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर होणारे) आधीपासून लावलेले होते की तुम्ही लावले? या किटचे दोन्ही प्रकार मिळतात.

फॉस्फर
माझं स्पष्ट मत, असली किट घेऊच नयेत. २० मेगाहर्ट्झचा वापरलेला ॲनालॉग सीआरओ, म्हणजे काचेच्या नळीचा जुना ऑसिलोस्कोप, शोधा. एकदा हाताला त्याची सवय झाली की या खेळण्याकडे बघवणार नाही. पुढची वीस वर्षं बघायला नको.

निळी वायर
@कथिल पॉवर बरोबर आहे. एसएमडी लावलेलेच आले होते. टीपी२२ कुठे असतं?
@फॉस्फर मला आत्ता हेच किट चालवायचंय.

पल्स
‘बरोबर’ म्हणजे किती ते लिहा ना. आकडा असल्याशिवाय इथे कुणीच काही सांगू शकणार नाही.
माझ्या मते हा फर्मवेअरचा (चिपमधल्या प्रोग्रॅमचा) घोळ आहे. या किटच्या नकला भरपूर निघाल्यात. नकलेत डिस्प्लेचा कंट्रोलर भलताच असतो, आतलं फर्मवेअर दुसऱ्याच कंट्रोलरसाठी लिहिलेलं असतं, मग पडदा पांढरा राहतो. बूटलोडरचे (नवा प्रोग्रॅम आत घेणाऱ्या सोयीचे) जंपर जोडा, यूएसबी-सिरियलची छोटी पट्टी घ्या आणि नवं फर्मवेअर चढवा. किटची मुख्य चिप एसटीएम३२ आहे, तिच्यात सिरियल बूटलोडर मुळातच असतो, वेगळा प्रोग्रॅमर लागत नाही.

कथिल
@पल्स, फर्मवेअर हे शेवटचं पान आहे, पहिलं नाही. नकलेवर चुकीची फाइल चढवली तर आज चालणारं उद्या बंद पडेल, आणि मूळ फर्मवेअर परत मिळवायला वाट नसते. आधी व्होल्टेज.

@निळी वायर, टीपी२२ हे मुख्य बोर्डावर छापलेलं नाव आहे, शेजारी उघडा ठिपका दिसेल. मल्टिमीटरचा काळा प्रोब ग्राउंडला, लाल त्या ठिपक्यावर. ३.३ च्या आसपास यायला हवं. ॲडॉप्टरचं व्होल्टेजही मोजा, आणि बोर्ड चालू असताना मोजा. काही ॲडॉप्टर रिकामे असताना छान आकडा दाखवतात आणि भार आला की बसतात. या बोर्डाला ९ व्होल्ट आणि साधारण १२० मिलिॲम्पिअर लागतात.

ध्वनिलहरी
तुमचं काम ऑडिओपुरतंच असेल तर कॉम्प्युटरचं साउंड कार्ड हाच स्कोप आहे. ४८ किलोहर्ट्झला सॅम्पल घेतं, म्हणजे २० किलोहर्ट्झपर्यंत आरामात दिसतं. वर १६ बिटचं रिझोल्यूशन. सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मी गेली कित्येक वर्षं त्याच्यावरच भागवतोय.

पल्स
साउंड कार्डाच्या इनपुटला कपॅसिटर असतो, डीसी पलीकडे जातच नाही. बॅटरीचं व्होल्टेज, सेन्सरची हळू बदलणारी पातळी, यातलं काही दिसणार नाही. शिवाय एक-दोन व्होल्टच्या वर गेलात तर कार्ड जातं आणि सोबत कॉम्प्युटरही धोक्यात येतो. नवशिक्याला हा सल्ला देऊ नये.

ध्वनिलहरी
दोन रेझिस्टरचा डिव्हायडर आणि दोन उलटसुलट डायोड लावले की कार्ड सुरक्षित राहतं. मी उघड्या तारा लावा असं म्हटलेलं नाही.

निळी वायर
मोजलं. ॲडॉप्टर चालू बोर्डावर ९.१. टीपी२२ वर ३.२९. एलईडी दोनदा लुकलुकतो आणि बंद होतो. मग चिप गेली नाही ना?

कथिल
नाही, तुमची चिप जिवंत आहे. एलईडी दोनदा लुकलुकला म्हणजे एसटीएम३२ सुरू झाला आणि त्याचा प्रोग्रॅम पळतोय. पडद्यामागचा दिवा लागलाय म्हणजे डिस्प्लेला वीजही मिळतेय. फक्त चित्र काढायचे हुकूम पडद्यापर्यंत पोचत नाहीयेत. पांढरा पडदा याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो.

हे हुकूम दोन बोर्डांच्या मधल्या ४० पिनांच्या हेडरमधून जातात. तिथे बघा, आणि ‘सगळे जोड पुन्हा तापवले’ यावर विसंबू नका. फ्लक्सशिवाय (सोल्डर नीट पसरवणाऱ्या रसायनाशिवाय) तापवलेला जोड वरून वितळतो आणि आत होता तसाच राहतो. पॉवर काढा, भिंगाखाली प्रत्येक पिन तिरप्या उजेडात धरा. नीट बसलेलं सोल्डर पिनेवर चढलेलं आणि पॅडवर पसरलेलं दिसतं, कडा पातळ होत जमिनीला टेकते. कोरड्या जोडात पिनेला गोळी चिकटलेली असते आणि गोळी नि पॅड यांच्या मधे काळसर बारीक रेघ असते. चकाकीवर जाऊ नका, शिसं नसलेलं सोल्डर चांगलं बसलं तरी मंदच दिसतं.

नंतर मल्टिमीटर बीपवर टाका. एक प्रोब डिस्प्ले बोर्डाच्या पिनेवर, दुसरा मुख्य बोर्डाच्या खालच्या बाजूला त्याच नंबरच्या जोडावर. ४० च्या ४० तपासा. शेजारच्या दोन पिना एकमेकींत वाजल्या तर आराखडा बघा, कारण काही ग्राउंडच्या पिना मुळातच एकत्र असतात.

कोरा बोर्ड
प्रोबबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो. किटसोबत मगरी चिमट्यांची केबल येते, ती वापरूच नका. १०एक्स प्रोब घ्या, म्हणजे सिग्नल दहाने कमी करणारा. स्कोपचं इनपुट १ मेगओहम असतं, १०एक्स लावला की सर्किटला १० मेगओहम दिसतात आणि कपॅसिटन्सचा भारही बराच कमी होतो. क्रिस्टल ऑसिलेटरवर साधी केबल लावली तर ऑसिलेटर बंदही पडू शकतो.

पल्स
माहिती योग्य आहे, पण त्यांची स्क्रीनच लागत नाहीये अजून.

निळी वायर
लागली!! डिस्प्ले बोर्डाच्या दोन पिना कोरड्या निघाल्या, अगदी ती काळी रेघ होती. फ्लक्स लावून केल्या आणि ग्राफ आला. @कथिल मनापासून आभार.
आता पुढचं. बोर्डावरच्या टेस्ट सिग्नलला लाल चिमटा लावला तर चौकोनी लहरीचे कोपरे गोल येतात, आणि पिवळी रेघ शून्याच्या थोडी खाली बसलीय. किट खराब आहे का?

कथिल
किट ठणठणीत आहे, कॅलिब्रेशन राहिलंय. तो टेस्ट सिग्नल १ किलोहर्ट्झचा आहे.

रेघ शून्यावर आणायला कपलिंगचा (सिग्नल आत कसा घ्यायचा ते ठरवणारा) स्विच जीएनडीवर, म्हणजे ग्राउंडवर टाका, बटणांनी व्हीपॉस (रेघेची वर-खाली जागा) निवडा आणि ओके दोन-तीन सेकंद दाबून धरा.

कोपऱ्यांसाठी बोर्डावर फिरवायचे दोन छोटे कपॅसिटर आहेत, सी४ आणि सी६. टेस्ट सिग्नल ३.३ व्होल्टला ठेवा, कपलिंग डीसी. पहिला सेन्सिटिव्हिटी स्विच ०.१ व्होल्टवर, दुसरा एक्स५ वर, आणि सी४ फिरवा. मग पहिला १ व्होल्टवर, दुसरा एक्स१ वर, आणि सी६ फिरवा. कोपरा गोल असेल तर भरपाई कमी पडतेय, टोक वर उसळत असेल तर जास्त झालीय. मधे कुठेतरी माथा सपाट होतो, तिथे थांबा. प्लॅस्टिकचा स्क्रूड्रायव्हर वापरा. लोखंडी पातं जवळ असताना एक आकार दिसतो आणि हात काढला की दुसरा.

फॉस्फर
पांढऱ्या पडद्याचं कोडं सुटलं हे फार चांगलं झालं. तरी मूळ मुद्दा राहतोच. सेकंदाला १० लाख सॅम्पल आणि २०० किलोहर्ट्झ बँडविड्थ, यात काय दिसणार? कार्ल फर्डिनांड ब्राउनने १८९७ साली कॅथोड किरणांची नळी केली, आणि आजही चांगल्या नळीवर किरण सिग्नलमागे अखंड धावतो, सॅम्पल नावाची भानगड नाही. १९४७ साली टेक्ट्रॉनिक्सच्या ५११ या स्कोपने ट्रिगर केलेला स्वीप (दर वेळी सिग्नलच्या त्याच बिंदूपासून सुरू होणारी रेघ) आणला, तेव्हापासून चित्र एका जागी उभं राहायला लागलं. नॉब हातात धरून त्या यंत्रावर शिकलेला माणूस ट्रिगर कधी विसरत नाही.

ध्वनिलहरी
नळीवर एकदाच येऊन गेलेला पल्स पकडून दाखवा. डिजिटलवर सिंगल ट्रिगर लावा, चित्र तिथेच थांबतं. पंचवीस-तीस वर्षांचे सीआरओ उघडले की इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वाळलेले निघतात, आणि आत हजारो व्होल्ट असतात. नवशिक्याने ते दुरुस्त करावेत असं मला मुळीच वाटत नाही.

फॉस्फर
हजारो व्होल्टचा मुद्दा मान्य. उघडू नये. पण चालू स्थितीतला घ्या एवढंच म्हणतोय.

साधा फ्यूज
मीही हेच किट घ्यायच्या विचारात आहे. याने घरातल्या प्लगचा ५० हर्ट्झ बघता येईल का? सायनचा आकार एकदा डोळ्यांनी पाहायचाय.

कोरा बोर्ड
१०एक्स प्रोब लावला तर येईल. २३० व्होल्टचं शिखर ३२५, त्याचे दहाने ३२.५, आणि या बोर्डाची मर्यादा ५० व्होल्ट शिखर आहे.

कथिल
कुणीही हे करू नका. हिशोब बरोबर आहे, पद्धत जीवघेणी आहे. प्रोबचा काळा चिमटा म्हणजे बोर्डाचं ग्राउंड. तो चुकून फेजला लागला तर बीएनसीची (प्रोब लावायच्या सॉकेटची) बाहेरची कडा, स्विचांचे धातू, बोर्डाची खालची बाजू, सगळ्यावर २३० व्होल्ट येतात, आणि हे किट बहुतेक लोक विनाखोक्याचं हातात धरून वापरतात. ॲडॉप्टरच्या दुसऱ्या बाजूचं इन्सुलेशनही तुमच्या भरवशावर राहतं.

५० हर्ट्झ बघायचाच तर ६ व्होल्टचा बंद खोक्यातला एसी ट्रान्सफॉर्मर घ्या, ज्याच्या बाहेर फक्त दुय्यम बाजूच्या तारा येतात. तिथे शिखर ८.५ च्या थोडं वर असेल. आकार तोच दिसेल, माथा किंचित चेपलेलाही दिसेल, आणि तोही बघण्यासारखा असतो.

कोरा बोर्ड
ग्राउंडचा मुद्दा बरोबर आहे. वरचा प्रतिसाद वाचून कुणी प्रयोग करू नये.

निळी वायर
कोपरे सरळ झाले, शून्यही बसलं. आता मूळ काम. पीएएम८४०३ चिपच्या ॲम्प्लिफायर बोर्डाचा डावा स्पीकर फाटल्यासारखा वाजतो. स्पीकर बदलून पाहिला, तरी तेच. स्पीकरच्या दोन तारांना लाल-काळा चिमटा लावून बघणार आहे. शनिवारी तोच बोर्ड कार्यक्रमाला लागणार आहे.

पल्स
हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर अर्धा धागा वाचला असता.
थांबा, काळा चिमटा स्पीकरच्या तारेला लावू नका!! त्या चिपचं आउटपुट ब्रिज पद्धतीचं आहे, स्पीकरच्या दोन्ही तारा चिप हलवते, कुठलीच ग्राउंड नसते. स्कोप आणि ॲम्प्लिफायरचं ग्राउंड कुठेही एक झालेलं असेल तर तुम्ही आउटपुट थेट शॉर्ट कराल.

कथिल
+१. काळा चिमटा ॲम्प्लिफायर बोर्डाच्या ग्राउंडला, लाल एका स्पीकर तारेवर, मग दुसऱ्या तारेवर. कपलिंग एसी ठेवा, कारण ५ व्होल्टवर प्रत्येक तार अडीच व्होल्टच्या आसपास बसलेली असते.

दुसरी गोष्ट, ही क्लास-डी (आउटपुट भराभर चालू-बंद करणारी) चिप साधारण २६० किलोहर्ट्झने स्विच करते. तुमच्या स्कोपच्या आवाक्याबाहेरचं आहे ते. थेट लावलंत तर पडद्यावर जाड, थरथरणारा पट्टा दिसेल आणि गाणं त्यात हरवेल. मधे १ किलोओहम रेझिस्टर घाला, आणि स्कोपच्या बाजूने ग्राउंडला १० नॅनोफॅरॅड. साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचं गळून जाईल.

इनपुटला गाणं देऊ नका, मोबाइलवरून १ किलोहर्ट्झचा सायन द्या, दोन्ही चॅनलला सारखाच.

ध्वनिलहरी
या कामाला साउंड कार्डही चाललं असतं, हाच फिल्टर लावून.

निळी वायर
फिल्टर लावला, आता सायन स्वच्छ दिसतो. उजवीकडच्या दोन्ही तारांवर गोल माथा. डावीकडे एका तारेवर आकार ठीक आहे, दुसरीवर फक्त खालची बाजू कापलेली आहे. आवाज अगदी कमी केला तरी कापलेलीच राहते.

कथिल
आवाज कमी करूनही कापलं जातंय म्हणजे ओव्हरलोड नाही. त्या चॅनलची एक तार ग्राउंडकडे नीट ओढली जात नाहीये. चिपला हात लावण्याआधी स्पीकर काढा आणि त्याच तारेवर पुन्हा बघा. आकार सुधारला तर चिपच्या ग्राउंड पिनेचा जोड तपासा, भिंग आणि फ्लक्स आहेतच हाताशी. सुधारला नाही तर चिपच्या आत त्या बाजूचं स्विच गेलंय, आणि शनिवारसाठी दुसरा बोर्ड आजच मागवून ठेवा.