मदत हवी आहे: बाबांच्या हिरड्यांतलं रक्त हळद-मिठाने कमी झालं की नीट घासण्याने?

नमस्कार. मी नागपूरला मानेवाड्यात राहते. प्रश्न माझ्या बाबांचा आहे. वय ६८, गणिताचे निवृत्त शिक्षक. मधुमेह ११ वर्षांपासून, मागच्या तपासणीत एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.८ आलं होतं. दिवाळीपासून घासताना रक्त येतं, सकाळी तोंडाला वास येतो आणि खालची उजवी एक दाढ बोट लावलं की हलते. दाताच्या डॉक्टरांकडे यायला ते तयार नाहीत. आजीचे दात सफाई करून आणल्यावर वर्षभरात पडले, हे त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे स्केलिंग (यंत्राने दातांची सफाई) म्हटलं की विषय तिथेच संपतो.

मग आमच्यात तडजोड झाली. २१ दिवस घरगुती उपाय करायचा, पण रोज मोजून वहीत लिहायचं. इतवारीतून हळकुंडं आणून घरी कुटली, त्यात सैंधव आणि तिळाचं तेल. सकाळ-रात्र हा लेप बोटाने हिरड्यांवर दोन मिनिटं चोळायचा. मोजायची रीत बाबांनीच ठरवली: आरशासमोर बसून प्रत्येक दाताच्या मुळाशी कापूस हलका फिरवायचा, गुलाबी झाला की वहीत फुली. पहिल्या दिवशी १४ फुल्या होत्या, आठव्या दिवशी ९, एकविसाव्या दिवशी ५.

बाबा खूश आहेत. म्हणतात, "रक्त कमी होऊन राहिलं ना, मग डॉक्टर कशाले?" माझं मन मात्र मानत नाही. कारण त्याच दिवसापासून मी त्यांचं बाभळीचं दातून बंद करून मऊ ब्रश दिला. रात्री घासायची सवय त्यांना कधीच नव्हती, तीही लावली. मग गुण नेमका कशाचा? शिवाय दाढ अजून हलते, आणि सतराव्या दिवशी तिथली हिरडी दाबल्यावर थोडा पू आला.

हा उपाय खरा की नाही, हे घरच्या घरी तपासायची काही रीत आहे का? साखर असताना स्केलिंग करून घेतलेलं कुणी आहे का? बाबांना कसं पटवू? त्यांच्याशी भांडायचं नाहीये मला. त्यांची भीती खोटी आहे असंही मी म्हणू शकत नाही.

— मानेवाड्याची लेक

प्रतिसाद: नाशिकचा दंतवैद्य

ताई, तुमची शंका रास्त आहे. १९६५ साली हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं थांबवायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवडाभरात त्या बऱ्या झाल्या, कसलाही लेप न लावता. म्हणजे नीट घासणं आणि घरगुती उपाय एकाच दिवशी सुरू केले, की कुठल्याही उपायाला यश मिळाल्यासारखं दिसतं.

हळदीला मी नावं ठेवणार नाही. तिच्यावर लहान-लहान चाचण्या झाल्यात आणि हिरडीची वरवरची सूज कमी झालेली दिसलीय. पण अनेक चाचण्यांत सोबत दातांची सफाईही केलेली होती. अडचण खाली आहे. दातावरचा मऊ थर लाळेतल्या क्षारांनी घट्ट होऊन त्याचं कीटण बनतं, आणि ते हिरडीच्या आतही शिरतं. तिथे लेप पोचत नाही, आणि पोचला तरी मीठ-हळदीने कीटण विरघळत नाही. निरोगी हिरडी आणि दात यांमधली फट १ ते ३ मिलीमीटर असते. ती खोल गेली की वरून रक्त थांबलेलं दिसतं आणि खाली हाड झिजत राहतं. पू आणि हलणारी दाढ हे तेच सांगतायत. घरी फट मोजता येत नाही, त्यासाठी प्रोब, म्हणजे खुणा असलेली बारीक सळई, लागतो.

आजीबद्दल बाबांनी पाहिलं ते खरंच असणार. अशा वेळी हाड बरंच आधी गेलेलं असतं, कीटणाने दात एकमेकांना धरून ठेवलेले असतात. ते काढलं की हलणं जाणवतं, आणि दोष सफाईवर येतो. बाबांना असंच समजावून पाहा.

चाचणी करायचीच असेल तर लेप फक्त उजव्या बाजूला लावा आणि ब्रश दोन्हीकडे सारखा फिरवा. मोजणाऱ्याला बाजू सांगू नका. लाळेतून थोडा लेप पलीकडे जाणारच आणि उजव्या हाताने घासताना दोन्हीकडे सारखा जोर बसत नाही, हे धरून चाला. पण तपासणीची तारीख आधी ठरवा, पू असताना वाट पाहू नये. आणि लवंगेचं तेल निव्वळ हिरडीवर लावू नका, भाजतं. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडिनच्या (जंतुनाशक औषधाच्या) गुळण्या सांगितल्या तर सांगितले तेवढेच दिवस करा, पुढे दातांवर तपकिरी डाग पडतात.

प्रतिसाद: वर्धमाननगरहून

आमच्याकडे यांना साखर आहे. स्केलिंग दोन खेपेत केलं. नंतर चार-पाच दिवस थंड पाणी झोंबलं आणि दातांमध्ये फटी दिसायला लागल्या, त्याने आम्ही घाबरलो होतो. डॉक्टर म्हणाले, सूज उतरली म्हणून फटी दिसतात. सकाळी नाश्ता आणि साखरेची गोळी नेहमीसारखीच घ्यायला सांगितली होती, तरी तुमच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. खर्चाची काळजी असेल तर नागपूरच्या मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे हिरड्यांचा वेगळा विभाग आहे.

मानेवाड्याची लेक

दोघांचेही मनापासून आभार. आधी तपासणी ठरवली, येत्या बुधवारी. मधले दहा दिवस अर्ध्या तोंडाची चाचणी केली. मोजायला आईला बसवलं, तिला बाजू सांगितली नव्हती. शेवटच्या दिवशी लेपाच्या बाजूला ३ फुल्या, नुसत्या ब्रशच्या बाजूला २. तीन आणि दोनांतून काही सिद्ध होत नाही, हे बाबांनीच आधी सांगितलं. मग बराच वेळ वही चाळत बसले. म्हणाले, "लेपाचा गुण असता तर इकडची बाजू पुढे दिसाले पाहिजे होती." त्या तीन फुल्यांतली एक हलत्या दाढेपाशी आहे, एकतीस दिवस रोज तिथेच. त्या ओळीवर त्यांनी स्वतः पेन्सिलीने गोल केलाय.

आजीचं मी तुम्ही लिहिलंत तसंच सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण बुधवारी यायला हो म्हणाले. लेप मात्र सोडणार नाहीत, आणि मीही सोडा म्हणणार नाही.

दंत महाविद्यालयातच जाणार आहोत. साखरेच्या गोळ्यांमुळे त्यांना फार वेळ उपाशी ठेवता येत नाही. केसपेपरची रांग सकाळी किती वाजता लागते, अलीकडे कुणी गेलं असेल तर सांगाल का?