मदत हवी आहे: जहाजाच्या मॉडेलचे श्राउड (डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणारे दोर) सकाळी ताठ, दुपारी ढिले; फळ्यांतही फटी

तापीकाठ (जळगाव)
नमस्कार मंडळी. ब्रिग म्हणजे दोन डोलकाठ्यांच्या जहाजाचं १:६४ मॉडेल दोरकामापर्यंत आलंय. हल (जहाजाचं धड) दुपदरी आहे. आतला थर लाइमवुडच्या १.५ मि.मी. पट्ट्यांचा, वरचा अक्रोडाच्या ५ मि.मी. रुंद आणि ०.६ मि.मी. जाड पट्ट्यांचा. बाहेरून पॉलिशचा एकच हात, आतून कोरं लाकूड. श्राउड किटमधल्या ०.७५ मि.मी.च्या सुती दोऱ्याचे आहेत. रॅटलाइन (श्राउडवरच्या शिडीसारख्या आडव्या दोऱ्या) अजून बांधलेल्या नाहीत.

एप्रिल लागल्यापासून दुपारी हलच्या फुगीर भागात पट्ट्यांमध्ये केसभर फटी दिसतात, सकाळी बघावं तर बुजलेल्या. श्राउडचंही तेच. सकाळी तारेसारखे ताठ, दुपारी झोळ. पुढची डोलकाठी (फोरमास्ट) नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे कललीय. मॉडेल हॉलमध्ये शोकेसवर उघडंच असतं. हॉलमध्ये रात्रभर कूलर चालतो, दिवसा बंद.

फटी पुट्टीने भरू का? श्राउड पुन्हा कसून घेऊ का? की किटचं लाकूडच कच्चं निघालं?

सागवान (नंदुरबार)
लाकडाला दोष देऊ नका भाऊ, हे कूलरचं काम आहे. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी हवेतली आर्द्रता १५–२० टक्क्यांवर येते आणि बंद खोलीत पाण्याचा कूलर तीच ६५–७० वर नेतो. कोरड्या हवेत लाकडात जेमतेम ४ टक्के पाणी उरतं, कूलरच्या हवेत ते १२ टक्क्यांकडे सरकतं. अक्रोडाची पट्टी रुंदीत दर टक्क्यामागे साधारण ०.२ ते ०.२५ टक्के हलते. ७ टक्क्यांचा फरक धरला तर ५ मि.मी.च्या पट्टीत ०.०७ ते ०.०९ मि.मी. म्हणजे तुम्ही म्हणता ती केसभर फट. एका बाजूला अशा २० पट्ट्या असतील तर एकूण हालचाल साधारण १.४ ते १.७५ मि.मी. होते. जाड फळीला एवढा बदल व्हायला कितीतरी दिवस लागतात, पण ०.६ मि.मी.ची पट्टी एका रात्रीत त्यातला बराच पल्ला गाठते.

म्हणूनच आत्ता पुट्टी अजिबात भरू नका. फट सर्वांत मोठी असताना ती भरली की रात्री पट्टीला फुगायला जागा उरत नाही. मग एकतर पुट्टी चुरून बाहेर येते, नाहीतर पट्टीची कड उचकते. उचकलेली अक्रोडाची पट्टी पुन्हा बसवणं फटीपेक्षा फार अवघड.

आधी मॉडेल कूलरच्या खोलीतून हलवा. पश्चिमेची भिंत आणि खिडकी टाळा, कारण तापलेल्या जागी फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद नरम पडतो आणि ताणाखालचे सांधे हळूहळू सरकतात. त्यावर ॲक्रिलिक किंवा काचेची पेटी घाला, खालून फटी राहू देऊ नका. पेटीने आर्द्रता थांबत नाही, पण दिवस-रात्रीचा झटका बराच सौम्य होतो. आत छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४५–५५ टक्क्यांच्या आसपास राहिला की झालं. पेटीत सिलिका जेल मात्र उन्हाळ्यात ठेवू नका, ते आहे तो ओलावाही ओढून घेईल.

हलच्या आत हात जात असेल, म्हणजे हॅच (डेकवरची झाकणं) अजून चिकटवले नसतील, तर स्पिरिटमध्ये पातळ केलेल्या चपड्याचे दोन हात आतून फिरवा. एक बाजू पॉलिशची आणि एक कोरी असली की ओलावा एकाच बाजूने ये-जा करतो आणि पट्टी वाकते.

धुळेकर_दोरवाला
लाकडाचं सागवानभाऊंनी सांगितलंच, मी दोरांचं सांगतो.

पिळाचा सुती दोरा ओलाव्याने जाड होतो. जाड झाला की पीळ आवळतो आणि दोरा लांबीत आखूड होतो. सुकला की उलट. त्यामुळे दुपारी झोळ दिसला म्हणून श्राउड कसले तर रात्री ते आणखी आखूड होऊन डोलकाठीचं डोकं ओढतील, नाहीतर खालचे डेडआय (श्राउडच्या टोकाच्या तीन भोकांच्या लाकडी चकत्या) जागेवरून उपटतील. फोरमास्ट पुढे येण्याचं कारणही हेच: श्राउड ढिले पडले आणि पुढचा स्टे (डोलकाठीला पुढून धरणारा दोर) तेवढा कसलेला राहिला.

दोरा बदला. पॉलिस्टर घ्या, तो पाणी जवळपास घेतच नाही. नायलॉन नको, सतत ताणाखाली तो लांबत जातो. शिलाईचा पॉलिस्टर चमकतो, म्हणून मेणावरून एकदा ओढून घ्या. या आकाराच्या ब्रिगला खालचे श्राउड ०.७ ते ०.८ मि.मी., लॅनयार्ड (वरचा-खालचा डेडआय जोडून कसायचा दोरा) त्याच्या निम्मा, स्टे १ मि.मी.च्या थोडा वर आणि रॅटलाइन ०.२ ते ०.२५ एवढं पुरतं.

क्रम चुकला की सगळं बिघडतं. आधी पुढच्या स्टेची गाठ सोडा आणि डोलकाठी नकाशातल्या कलावर आणा. मग श्राउडची पहिली जोडी उजवीकडे, दुसरी डावीकडे, अशा आळीपाळीने चढवा. एका बाजूच्या सगळ्या जोड्या आधी कसल्या तर काठी तिकडे झुकते आणि पुढे सरळ होत नाही. वरचे-खालचे डेडआय एका अंतरावर राहावेत म्हणून पितळी तारेचं इंग्रजी ‘यू’सारखं साधन वाकवा, तिची दोन टोकं दोन्ही डेडआयच्या भोकांत घाला आणि मगच श्राउड डेडआयभोवती वळवून बांधा. या पायरीला आळस केला तर डेडआयची रांग नागमोडी होते आणि बघणाऱ्याची नजर पहिल्यांदा तिथेच जाते. लॅनयार्डच्या शेवटी तात्पुरती गाठ ठेवा. सगळे श्राउड आणि स्टे लागल्यावर पुन्हा एकदा फिरून थोडं-थोडं कसा, तेव्हा पक्की करा.

गाठीवर झटपट चिकटणारा गोंद लावू नका. दोरा तिथे काडीसारखा कडक होऊन तुटतो, वर पांढरा डागही पडतो. पांढरा गोंद निम्मं पाणी घालून सुईच्या टोकाने थेंबभर द्या.

तापीकाठ (जळगाव)
दोघांचेही आभार. दोरा बदलतो. दोन प्रश्न राहिले. रॅटलाइन बांधताना श्राउड आत ओढले जातात, त्याला काय करायचं? आणि किटचे डेडआय ५ मि.मी.चे आहेत, फार ढोबळ वाटतात. घरी सागाचे करू का?

धुळेकर_दोरवाला
जाड कागदावर ५ ते ६ मि.मी.वर आडव्या रेघा मारून तो श्राउडच्या मागे अडकवा. खऱ्या जहाजावर हे अंतर १३ ते १५ इंच असायचं. प्रत्येक श्राउडवर क्लोव्ह हिच (दोन वेढ्यांची गाठ) मारा, आणि पुढची गाठ मारण्याआधी मधल्या तुकड्याला किंचित झोळ ठेवा. खालून वर सलग जाऊ नका. आधी दर पाचवी ओळ बांधून घ्या म्हणजे श्राउडमधलं अंतर पक्कं होतं, मग मधल्या भरा. कडेचे दोन श्राउड आत आलेले दिसले की तेवढीच ओळ सोडा; ते वरच्या ओळींत आपोआप भरून निघत नाही.

सागवान (नंदुरबार)
डेडआयला साग नको. रेषा आणि छिद्रं या मापात मोठी दिसतात आणि तीन भोकं पाडताना तुकडा उभा चिरतो. हेद मिळाला तर उत्तम. पिवळसर, बारीक पोताचा, कातकामाला चांगला. ०.७५ च्या श्राउडला ३.५ मि.मी. व्यासाचा डेडआय शोभतो. गोल काडी कातून घ्या, कडेची खाच पाडा, काडी अखंड असतानाच टोकातून ०.६ मि.मी.ची तीन भोकं पाडा आणि मग चकती कापा. सुटी चकती चिमट्यात धरून भोकं पाडायला गेलात तर निम्म्या फुटतील.

साग दुसरीकडे कुठे वापरलात तर चिकटवायच्या आधी थिनरने पुसून घ्या, तेलकट लाकूड गोंद धरत नाही.

आणि लॅनयार्डच्या तात्पुरत्या गाठी एवढ्यात पक्क्या करू नका. पावसाळा जाऊ द्या. ऑक्टोबरात मापक स्थिर दिसला की फटीही तेव्हाच बघा; ज्या उरतील त्यांत पुट्टीऐवजी अक्रोडाचा भुसा गोंदात कालवून भरा, रंग जुळतो.