आमच्या देवळालीचं इंग्रजीत ‘डूलॅली’ झालंय, हे कुणाला माहीत होतं का?

लॅमरोडची लेक

मी देवळाली कॅम्पात वाढले. सहा वर्षं झाली, इंग्लंडात लीड्सला नर्स आहे, वयस्कर रुग्णांच्या वॉर्डात. परवा रात्रपाळीला एक आजोबा चष्मा शोधत होते. तो त्यांच्याच कपाळावर होता. मी दाखवल्यावर म्हणाले, “पोरी, मी आता डूलॅली व्हायला लागलो बघ.”

शब्द नवा होता, म्हणून शब्दकोशात पाहिला. डूलॅली म्हणजे भ्रमिष्ट, डोकं फिरलेला. आणि खाली व्युत्पत्ती: देवळाली, मुंबईजवळची लष्करी छावणी! औषधांच्या ट्रॉलीपाशी मी तशीच उभी राहिले. ज्या गावात मुंबईची माणसं हवापालटाला सॅनिटोरियममध्ये येऊन राहायची, त्या माझ्या गावाचं नाव इथे वेडाला दिलंय. खरं सांगते, वाईट वाटलं.

मूळ प्रयोग ‘डूलॅली टॅप’ असा आहे म्हणे. टॅप म्हणजे मला माहीत असलेला नळ, नाहीतर हलकी टिचकी. इथली एक सहकारी म्हणते, डोक्यावर टिचकी बसल्यासारखा म्हणून टॅप. मला ते पटत नाही. कुणी नीट सांगेल का? आणि असे अजून शब्द आहेत का?

जुना तोफची, नाशिकरोड

ताई, माझी बरीच नोकरी देवळालीत तोफखान्याच्या स्कूलमध्ये झाली, म्हणून लिहितो. ही छावणी 1861 ची. भारतातली मुदत संपलेले गोरे शिपाई इथे येऊन विलायतेच्या बोटीची वाट बघायचे. सैन्याच्या बोटी साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच सुटायच्या. ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडावर संपली, तो पुढच्या हंगामापर्यंत अडकला. ना कवायत, ना काम. अंगात हिवताप, वर दारू. महिनोन् महिने असं बसून काहींची डोकी खरंच फिरायची. घरी पोचलेला शिपाई विचित्र वागला की बरोबरचे म्हणायचे, याला देवळालीचा ताप चढलाय.

टॅप म्हणजे टिचकी नव्हे आणि नळही नव्हे. तो आपला ताप आहे. हिंदुस्थानीत ‘तप’ म्हणजे ज्वर, तोच शिपायांनी उचलला. पुढे टॅप गळून पडला आणि नुसती डूलॅली उरली. तेव्हा वेडी तुमची देवळाली नव्हती, वाट बघणं वेडं करणारं होतं.

शब्दवेडी (निवृत्त शिक्षिका)

आपण अजूनही “डोक्याला ताप” म्हणतोच की! त्या शिपायांना हा अर्थ लगेच कळला असता.

असे शब्द पुष्कळ आहेत. इंग्रजी कानाला ते घरचेच वाटतात, म्हणून फसायला होतं. ‘कुशी जॉब’ म्हणजे आरामाची नोकरी. माझे विद्यार्थी हमखास लिहायचे की तो कुशनवरून आला, मऊ गादीसारखी नोकरी. तो आला खुशीवरून. ‘चोकी’ म्हणजे तुरुंग, त्याचा चोक म्हणजे गळा आवळण्याशी संबंध नाही, ती आपली चौकी. पहिल्या महायुद्धात शिपाई मायदेशाला ‘ब्लायटी’ म्हणत. ब्लाइट म्हणजे पिकावरचा करपा, पण ब्लायटी निघाला विलायतीतून. घरी पाठवावं लागेल एवढी जखम झाली तर तिला ‘ब्लायटी वन’ म्हणायचे, आणि ती झालेला शिपाई नशीबवान ठरायचा. हे वाचलं तेव्हा माझ्या पोटात कालवलं होतं.

आणि माझा लाडका शब्द मंगूस. त्यात इंग्रजी गूज दिसतो म्हणून पोरं, गूजचं गीज होतं तसं, अनेकवचन ‘मंगीज’ करतात. बदकाच्या त्या भाऊबंदाशी याचं काही नातं नाही. तो सरळ आपल्या मराठी मुंगुसावरून गेलाय, म्हणून अनेकवचन ‘मंगूसेस’.

वाचक_पुणे

एक सावधगिरी. आवाज जुळला की गोष्ट रचायचा मोह होतो. ‘पॉश’बद्दल सांगतात की हिंदुस्थानात येताना बोटीची डावी बाजू आणि परतताना उजवी, म्हणजे सावलीच्या महागड्या खोल्या, म्हणून ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या चार शब्दांची आद्याक्षरं तिकिटावर छापत. असं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. देवळालीची गोष्ट तशी नाही, तिला आधार आहे.

लॅमरोडची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. तोफचीकाका, तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.

काल त्याच आजोबांना सगळं सांगितलं. त्यांचे वडील सैन्यात होते, हा शब्द घरात त्यांच्याच तोंडून आला होता. खरा उच्चार शिकव म्हणाले. चार वेळा प्रयत्न केला, ‘ळ’ काही येईना, ‘ल’च निघायचा. मग विचारलं, हे गाव दिसतं कसं? माझ्याकडे फक्त आमच्या अंगणाचे फोटो आहेत. देवळाली स्टेशनच्या पाटीचा, मराठी नाव नीट वाचता येईल असा फोटो कुणी पाठवू शकेल का?

जुना तोफची, नाशिकरोड

रविवारी सकाळी जाऊन काढतो. ऊन पाटीवर समोरून पडलं की अक्षरं स्वच्छ येतील.