मदत हवी आहे: गळाला लागलेली चिलापी (तिलापिया मासा) परत सोडायची का नाही?

मंडळी, पैठणला नाथसागराच्या (जायकवाडी धरणाच्या) काठावर आम्ही चार-पाच जण गळ टाकून बसतो. हल्ली गांडूळ लावा नाहीतर कणकेची गोळी, वर येते ती तळहाताएवढी चिलापीच. मरळ तर नशिबानंच. यावरून आमच्यात रोज हुज्जत.

एक म्हणतो, धरली की पाण्यात परत सोडायचीच नाही. मूळची आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आणलेली. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळं वाचतात जास्त. ती पिल्लंही दोन-तीन महिन्यांत विणीला येतात. दाटी झाली की वाढ खुंटते, म्हणून एवढी बारकी. दुसऱ्याचं म्हणणं, बाजारात गरिबाला परवडतो तो हाच मासा, अन् मच्छीमारांची चूल त्यावरच पेटते, उगं त्याच्या नावानं कशाला बोंबलता? मला त्याचंही पटतं राव. एवढ्या मोठ्या धरणात आमच्या गळानं काय फरक पडणार?

पण आमच्या गावच्या पाझर तलावात पण ती आता दिसायलीय, आणि खरी काळजी तिथली आहे. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर जाळं ओढून काढावी, मग मरळीचं बीज (म्हणजे बारकी पिल्लं) सोडावं, असा विचार चाललाय. (मांगूर सोडा असं कृपा करून सुचवू नका, आफ्रिकन मांगूरवर बंदी आहे.)

माजलगाव, येलदरी, विष्णुपुरीकडच्या भावांनो, छोट्या तलावात कुणी असं करून पाहिलंय का? मरळ खरंच चिलापीची पिल्लं आटोक्यात ठेवते का? बीज केवढं सोडावं? आणि तुम्ही स्वतः गळाला लागलेलीचं काय करता?