नियंत्रण कक्षातील ऑपरेटरचे काम

‘नियंत्रण कक्षात नुसते पडद्यांकडे बघत बसायचे असते’ असे अनेकदा म्हटले जाते; या मताशी मी सहमत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बोरघाटात ट्रक बंद पडल्याचा फोन आला, की ऑपरेटरला सर्वप्रथम कितवा किलोमीटर आणि कोणती दिशा, हे जाणून घ्यावे लागते. भांबावलेल्या चालकाला ते बहुधा सांगता येत नाही, म्हणून बोगदा मागे पडला की अजून यायचा आहे, डोंगर कोणत्या हाताला आहे, असे विचारत जागा निश्चित करावी लागते. मधल्या दुभाजकामुळे चुकीच्या बाजूला धाडलेली क्रेन वाटेत कुठेही वळवता येत नाही, आणि तोवर मागे रांग वाढत जाते. प्रत्येक कॉलची वेळ नोंदवणे मात्र खरोखरच कंटाळवाणे असते, पण पुढे वाद उद्भवल्यास तीच नोंद तपासली जाते.