डिझेल हीटर मंद झाला की गाडीत धुराचा वास येतो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

फोंड्याहून लिहितोय. जानेवारीत घरच्यांना घेऊन किन्नौरमार्गे हिमाचलमधल्या काझाला जायचं ठरलंय. तिथे रात्री पारा उणे वीसच्या आसपास जातो, म्हणून जुन्या ट्रॅव्हलरचं कॅम्पर करून घेताना १२ व्होल्टचा, ५ किलोवॅटचा चायनीज डिझेल हीटर बसवला. हीटर डाव्या सीटखालच्या बंद पेटीत आहे, टाकी मागे बाहेरच्या बाजूला, आणि धुराचा पाइप जमिनीतून खाली उतरून सायलेन्सरला जोडलाय.

सुरू करताना बाहेर थोडा पांढरा धूर येतो, तो येणारच. अर्धा तास सगळं व्यवस्थित चालतं. गाडी तापली आणि हीटर आपोआप मंद झाला, की गरम हवेच्या जाळीतून जळकट धुराचा वास यायला लागतो. डोळे चुरचुरतात. हा कच्च्या डिझेलचा वास नाही. पंप, फिल्टर, नळीचे सगळे क्लॅम्प टिश्यू पेपरनं पुसून पाहिले, पेपर कोरडाच राहतो. नव्या हीटरचा रंग-तेल जळण्याचा वासही नाही. तो दारं उघडी ठेवून फुल्लवर चालवून आधीच घालवलाय.

आमचे मेस्त (गाडीचे मिस्त्री) म्हणतात, आतली भट्टी चिरली असणार, हीटरच बदला. मला ते पटत नाही. कारण सीटखालच्या पेटीचं झाकण उचललं की वास जाळीपेक्षा कितीतरी जोरात नाकात शिरतो. गाडीखाली वाकून पाहिलं तर सायलेन्सरच्या दुमडीवर काजळीची बारीक रेघ दिसते.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलाय, तो वाजलेला नाही. पण ५० पीपीएमला हे अलार्म तास-दीड तासानं वाजतात, शिवाय त्या वायूला स्वतःचा वासही नसतो. आत मुलं झोपणार आहेत. कारण नक्की सापडेपर्यंत मी एकही रात्र हीटर लावून कुणाला झोपू देणार नाही. भट्टी चिरलीय की दुसरं काही, हे हीटर न खोलता कसं ओळखायचं?

प्रतिसाद:

दादा, हीटर लगेच बदलू नका. बंद पेटीतच सगळं उत्तर आहे असं वाटतंय. हीटरचा पंखा गरम करायची हवा पेटीतूनच ओढतो. पेटीला पुरेशी जाळी नसेल तर तो मिळेल तिथून ओढणार, म्हणजे जमिनीच्या भोकातूनसुद्धा. खाली सायलेन्सर गळत असेल तर तो धूर थेट तुमच्या जाळीतून बाहेर येणार. ट्रॅव्हलरच्या पत्र्याला पन्हळी असतात, त्यावर हीटरचं गॅस्केट सपाट बसतच नाही, फट राहते. खाली सपाट प्लेट दिलीय का बघा.

ओळखायचं असं: हीटरच्या हवा ओढायच्या तोंडाला डक्ट लावून तो पेटीबाहेर, लांब गाडीच्या आत आणा. मग जाळीतली हवा स्वच्छ झाली तर भट्टी शाबूत. वास तसाच राहिला तर मात्र मेस्तांचं म्हणणं खरं, आणि तो हीटर परत लावू नका.

स्वस्त सायलेन्सर दुमडून बनवलेले असतात, वेल्डिंग नसतं. साधं सिलिकॉन त्या तापाला टिकत नाही. पूर्ण वेल्ड केलेला स्टेनलेसचा घ्या, आणि पाइपचं तोंड गाडीच्या कडेबाहेर काढा. ज्वलनाची हवा घेणाऱ्या नळीपासूनही ते लांब ठेवा. पावसाळाभर गाडी उभी होती का? आपल्याकडे कुंभारीण माशी असल्या पाइपात मातीचं घर करते. तोंड अर्धं बुजलं की ज्वलन बिघडतं आणि धूर वाढतो. तार घालून बघा.

काझ्याची काळजी वेगळी. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो. उंचीप्रमाणे डिझेल कमी करायची सोय तुमच्या कंट्रोलरमध्ये नसेल तर पंपाचे ठोके हातानं कमी करावे लागतील, नाहीतर काजळी धरेल. मंदावर तासन्‌तास चालवलात तर बंद करण्याआधी थोडा वेळ फुल्लवर चालवा. आणि बॅटरीचा स्विच कधी थेट काढू नका, पंख्याला भट्टी गार करू द्या.

धागाकर्ता:

मनापासून आभार. डक्ट बाहेर काढून मंदावर चालवला, जाळीतली हवा अगदी स्वच्छ. मेस्तांनाही बोलावून दाखवलं. सायलेन्सर काढून एक तोंड बंद केलं, बादलीत बुडवून फुंकलं, तर दुमडीतून बुडबुडे आले. पाइपात माती नव्हती. पेटीत मात्र अजून हलका वास आहे, म्हणून आता हीटर उचलून खाली सपाट प्लेट बसवतोय. २४ मिमीच्या पाइपला बसेल असा वेल्ड केलेला सायलेन्सर मडगाव किंवा वेर्ण्याच्या बाजूला कुणी बनवून देतं का? माहिती असेल त्यांनी कृपया कळवा, बाकीचं काम त्यासाठीच अडलंय.